सोवळ्यातली हस्तकला

हस्तकला कशाला म्हणावे, या प्रश्नावर जाणत्यांनी शंभर-सव्वाशे वर्षे शाई खर्च केली आहे. आमच्या बडोद्यातील एका मंडळाने मात्र तो एका ओळीत निकालात काढला. ‘विजेच्या यंत्राच्या साहाय्याने केलेली वस्तू हस्तकला-विभागात स्वीकारली जाणार नाही,’ ही ती ओळ. मंडळाच्या दिवाळी प्रदर्शनाच्या नियमावलीत ती अगदी तळाशी आहे. इतकी वर्षे तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते, कारण भरतकाम, क्रोशे, रांगोळी आणि कागदी फुले यांना विजेची गरज पडत नाही. गेल्या दिवाळीत एका तरुणीने स्वतः घडविलेल्या सात लाकडी डब्या प्रदर्शनात मांडण्यासाठी आणल्या, आणि ती ओळ खडबडून जागी झाली.

डब्या बॅण्ड-सॉवर कापलेल्या आहेत, हे तिनेच प्रवेशपत्रिकेत लिहिले होते. लिहिले नसते तर परीक्षकांना ते कळले असते असे आम्हांला वाटत नाही. प्रामाणिकपणाचे फळ तिला तत्काळ मिळाले. सातही डब्या हस्तकला-विभागातून उचलून विक्रीच्या दालनात, उदबत्त्या आणि मेतकूट यांच्या शेजारी ठेवण्यात आल्या. वर एका सद्गृहस्थांनी, ‘हे कापकाम मुलीनेच केले कशावरून? मिस्त्रीकडून करून घेतले नसेल कशावरून?’ अशी शंकाही काढली. आणि लाकडी वस्तूंचे पहिले पारितोषिक कोणाला मिळाले? बाजारातून तयार आणलेल्या एका एमडीएफच्या पेटीला, जिच्यावर वारली पद्धतीची चित्रे रंगविलेली होती.

पेटी रंगविणाऱ्या भगिनींविषयी आमच्या मनात आदर आहे. चित्रे सुबक होती, आणि त्यांना चित्रकलेचे पारितोषिक मिळाले असते तर आम्ही टाळ्या वाजविल्या असत्या. परंतु पारितोषिक होते लाकूडकामाचे, आणि त्या पेटीतील लाकूडकाम कोणी केले याचा विचार परीक्षकांच्या मनाला शिवला नाही. एमडीएफ म्हणजे लाकडाचा तंतुमय लगदा कृत्रिम राळेत कालवून, उष्णतेने आणि दाबाने थापलेला तक्ता. संगणकात भरलेल्या आराखड्याबरहुकूम तो तक्ता लेझरच्या किरणाने कापला जातो. कडांवरचा तो तपकिरी करपलेला रंग आणि बोटात बोट गुंतविल्यासारखे ते एकसारखे कंगोरे ही त्याची खूण. त्या आराखड्यातून एक पेटी निघाली काय आणि दहा हजार निघाल्या काय, फरक शून्य. तेथे माणसाचा हात लागतो तो तक्ता ठेवायला आणि उचलायला. म्हणजे जिच्या घडणीत हात नावालाही नाही ती पेटी हस्तकला ठरली, आणि जिची प्रत्येक वळणरेषा हाताने वळविली ती डबी यंत्राची ठरली. आमचा आक्षेप या उफराट्या न्यायाला आहे. आणि त्याहून अधिक, हा न्याय आपल्या सर्वांना स्वाभाविक का वाटला, याला आहे.

ज्यांनी निकाल दिला त्यांनी डबी होताना पाहिलेली नव्हती, म्हणून ती कशी होते हे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे.

बॅण्ड-सॉ म्हणजे पट्टीची करवत. एकावर एक बसविलेल्या दोन चाकांवरून पोलादाची अखंड दातेरी पट्टी फिरत असते, आणि मधल्या मेजातून वरून खाली जाताना ती लाकूड कापते. वखारीत तिचे थोरले रूप सर्वांनी पाहिले असेल. गुजरातेतील सुतार तिला ‘बेन्सो’ म्हणतात. कल्पना जुनी आहे. इंग्लंडात विल्यम न्यूबेरी यांनी १८०९ मध्ये तिचे पेटंट मिळविले होते, परंतु पट्टीची दोन टोके जेथे जोडलेली असत तो सांधा सतत वाकून वाकून तुटे, आणि त्यामुळे कितीएक वर्षे हे यंत्र कागदावरच राहिले. सांधा टिकेल अशी जोडणीची रीत काढून १८४६ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला तो ॲन पॉलिन क्रेपँ नावाच्या एका फ्रेंच स्त्रीने. तिच्याकडून तो हक्क पॅरिसच्या पेरँ कंपनीने घेतला आणि मग ही करवत कारखान्यांत शिरली. मुलीने कापले कशावरून, असे विचारणाऱ्या सद्गृहस्थांना ही हकीकत आम्ही सादर अर्पण करतो.

आता डबी. प्रथम लाकडाचे तीन-चार जाड तुकडे, त्यांचे तंतू एकाच दिशेने येतील अशा बेताने, सरसाने एकमेकांस चिकटवून एक भरीव ठोकळा तयार करतात. त्याच्या दर्शनी अंगावर डबीची बाह्यरेषा आणि तिच्या पोटात खणाची रेषा पेन्सिलीने काढतात. बाह्यरेषेवरून कापले की कोयरी, बदाम, शंख, जो आकार योजला असेल तो भरीव आकार हाती येतो. मग ठोकळा आडवा करून त्याची पाठ, सुमारे पाव इंच जाडीची, पावाच्या कापासारखी कापून वेगळी ठेवतात. पुढची पायरी कसोटीची. करवतीची पट्टी अखंड असल्यामुळे ती ठोकळ्याच्या मध्यभागी एकाएकी उतरू शकत नाही. कडेकडून आत शिरून, खणाच्या रेषेवरून पूर्ण फेरी मारून तिला आल्या वाटेने बाहेर पडावे लागते. फेरी पूर्ण झाली की खणाचा ठोकळा अलगद बाहेर येतो. आत शिरण्याची चीर सरस लावून, शिकंजात आवळून बुजवितात. ती तंतूंच्या दिशेने घेतली असेल तर नंतर शोधूनही सापडत नाही. कापून ठेवलेली पाठ पुन्हा जागच्या जागी चिकटली की डबीचे घर तयार झाले.

खणाच्या ठोकळ्याचेही असेच. त्याची दर्शनी आणि मागील फळी कापून काढायची, मधल्या भागाचे पोट करवतीने कोरून टाकायचे, आणि दोन्ही फळ्या पुन्हा आपापल्या जागी चिकटवायच्या. भरीव होते ते पोकळ झाले, आणि बाहेरून पाहणाऱ्यास लाकडाचा तंतू घराच्या चौकटीवरून खणाच्या तोंडावर न तुटता वाहत गेलेला दिसतो. सर्व एकाच लाकडाचे असल्यामुळे ही किमया साधते. घर आणि खण यांच्यामध्ये फट उरते ती करवतीने भुसा करून नेला तेवढीच, जेमतेम मिलिमीटरभर. तेवढ्या जागेत खण सरकला पाहिजे.

इतके वाचून ‘यात कठीण ते काय?’ असे कोणास वाटले तर वखारीत जाऊन एकदा नुसती सरळ रेषा कापून पाहावी. पट्टी जागच्या जागी धावत असते. वळते ते लाकूड, आणि ते वळविणारे दोन हात. पाव इंच रुंदीची पट्टी सुमारे पाच अष्टमांश इंच त्रिज्येहून लहान वळण घेत नाही. तिला बळेच वळविली तर ती पिळवटते, तापते, रेषा सोडते आणि शेवटी तुटते. त्याहून नाजूक वळण हवे तर एक अष्टमांश इंची पट्टी चढवावी लागते, आणि ती जाड लाकडात सहज भरकटते. म्हणजे पेन्सिलीने रेषा काढतानाच करवतीला ती पेलेल का, हे ठाऊक असावे लागते. मेज पट्टीशी काटकोनात नसेल, गुण्या लावून पाहण्याचा आळस केला असेल, तर खण एका बाजूने शिरतो आणि दुसऱ्या बाजूने शिरत नाही. पट्टीचा ताण कमी पडला तर चार इंच जाडीच्या लाकडात ती आतल्या आत बाक घेते. वरची रेषा डोळ्यांना तंतोतंत दिसत असते आणि पोटात मात्र पिंपासारखा फुगवटा झालेला असतो; तो खण निघेपर्यंत कळत नाही. आणि कळला तरी उपाय नाही. नेहमीच्या टेबलाचा खण बिघडला तर सुतार दुसरा करून देतो. येथे खण हा त्याच घराच्या पोटचा, त्याच कापातून जन्मलेला. एक कापणी चुकली की दोन्ही गेले.

ब्रिटनमधील लाकूडकारागीर आणि अध्यापक डेव्हिड पाय यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हात विरुद्ध यंत्र हा वादच निरर्थक ठरविला आहे. त्यांची विभागणी निराळी. काम चालू असताना शेवटच्या क्षणापर्यंत त्याचे यश करणाऱ्याच्या लक्षावर, विवेकावर आणि कौशल्यावर अवलंबून राहत असेल तर ती जोखमीची कारागिरी. फळ आधीच ठरून गेलेले असेल आणि करणाऱ्याला ते बिघडविणेही शक्य नसेल तर ती निश्चितीची. हत्यार हाताने चालते की विजेने, हा प्रश्न गौण. या कसोटीवर लेझरची पेटी आणि बॅण्ड-सॉची डबी ठेवून पाहा. आमच्या मते वाद तेथेच संपतो.

ज्यांना परदेशी पंडितांचे वावडे आहे त्यांच्यासाठी आपले सर्वोच्च न्यायालय आहे. अबकारी कराच्या एका प्रकरणात १९९५ मध्ये न्यायालयाने हस्तकलेच्या वस्तूची लक्षणे सांगितली. वस्तू प्रामुख्याने हाताने केलेली असावी. प्रक्रियेत काही यंत्रे वापरली गेली तर हरकत नाही. तिच्यात डोळ्यांना सुखविणारे, नावापुरते नव्हे असे अलंकरण असावे. आता डबीवर हात किती आणि यंत्र किती? एका डबीसाठी करवत अर्धा-पाऊण तास चालते. त्यानंतर करवतीच्या दातांचे ओरखडे काढण्यासाठी आतबाहेर घासणे, जाड काचकागदावरून बारीकवर उतरत जाणे, खण जागेवर बसेपर्यंत पुन्हा पुन्हा काढून-घालून पाहणे, आतून मखमल लावणे आणि चपड्याच्या पॉलिशचे हातावर हात देणे, यांत आठवडा सरतो. सरकारचा कर चुकवू पाहणाऱ्यासही जी सवलत कायदा देतो, ती आपले मंडळ आपल्याच मुलीला देत नाही.

गांधीजींचे नाव या वादात कोणीतरी काढणारच, आणि प्रदर्शनाच्या दिवशी ते निघालेही. ज्यांनी ते काढले त्यांनी गांधीजी वाचलेले दिसत नाहीत. यंत्रमात्राला तुमचा विरोध आहे का, या प्रश्नाला १९२४ मध्ये उत्तर देताना त्यांनी शिवणाच्या यंत्राचा अपवाद आवर्जून केला होता, आणि चरखा हेही यंत्रच आहे याची आठवण दिली होती. त्यांचा विरोध माणसाला निकामी करणाऱ्या यंत्रवेडाला होता. लेझरने कापलेल्या पेट्यांच्या ढिगासमोर त्यांनी काय म्हटले असते याचा तर्क वाचकांनी करावा.

परंतु आम्हांला खरे आश्चर्य वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. हा सोवळेपणा निघावा तो बडोद्यात! सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये येथे कलाभवन काढले आणि त्रिभुवनदास गज्जर यांना त्याचे प्रमुख केले. रंगकाम, यंत्रशास्त्र, विणकाम, सुतारकाम हे विषय तेथे एकाच छपराखाली आले. कला आणि यंत्र यांना वेगवेगळ्या पंक्तींत बसवावे, असे त्या संस्थेच्या नावातही नाही आणि कामातही नव्हते. धुंडिराज गोविंद फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे छायाचित्रण आणि छपाई यांत हात घालून १९१३ मध्ये त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. कॅमेऱ्याहून मोठे यंत्र ते कोणते? तरीही दादासाहेबांच्या कलेला यंत्राचा विटाळ झाला असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. उलट त्यांच्या नावाने आपली छाती फुगते.

आणि आपली देवघरे? राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस काढला. त्या छापखान्यातील लक्ष्मी आणि सरस्वती बडोद्याच्या किती मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू घेत आल्या आहेत! छापील कागदाला देवत्व द्यायला आपण कचरलो नाही, आणि लाकडाच्या डबीला कलेचे नाव द्यायला कचरतो.

जवळचेच उदाहरण हवे तर संखेडा आहे. बडोद्याहून तासा-दीड तासाच्या अंतरावरचे हे गाव. तेथील खरादी कारागिरांचा लाखकाम केलेला पाळणा किंवा झोपाळा आपल्यापैकी पुष्कळांच्या दिवाणखान्यात असेल. सागवानाचा दांडा चरकावर फिरवून कातायचा, त्यावर कथिलाच्या रंगाने नक्षी काढायची, आणि फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरून घर्षणाच्या उष्णतेने तिचा पातळ थर चढवायचा. त्या पारदर्शक थराखालून कथील सोन्यासारखे झळकते. पूर्वी तो चरक दुसरा माणूस दोरीने ओढी. आता तेथे विजेची मोटार आली आहे. म्हणून संखेड्याचा पाळणा हस्तकला उरला नाही का? नियमावलीतील ती ओळ अक्षरशः लावायची तर उरला नाही. मंडळाच्या सभागृहातील व्यासपीठावर मान्यवरांसाठी ठेवलेल्या दोन खुर्च्या संखेड्याच्याच आहेत, हे आम्ही सहज नमूद करतो.

एक आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे, आणि तो एका जुन्या, मुरलेल्या मिस्त्रींनी आमच्याजवळ काढला. त्यांचे म्हणणे असे की, पेटीची खरी परीक्षा सांध्यात. चार फळ्या घेऊन, पटाशीने खाचा करून, पंख्यासारख्या पसरट दातांचा डव्हटेल सांधा बसविणारा तो सुतार. येथे तर सांधाच नाही, सगळी सरसाची मेहेरबानी. हे अर्धे खरे आहे. ओझे वाहायची पेटी, प्रवासाचा पेटारा असा करू नये. भरीव ठोकळ्यातून पोट कोरून काढल्यामुळे लाकूडही वाया जाते, जरी त्या पोटातून आणखी एक लहान डबी निघू शकते. पावसाळ्यात लाकूड फुगले की मोठ्या डबीचा खण अडतो, म्हणून ही रीत हातात मावणाऱ्या वस्तूंनाच शोभते. परंतु अलंकाराची डबी, कुंकवाचा करंडा, फणेरपेटी यांच्याकडून आपण ओझ्याची अपेक्षा कधी केली होती? फळ्या जोडून केलेली पेटी चौकोनी होते, कारण सांध्याला सरळ कड लागते. शंखाच्या वळणाची पेटी करायची तर ती भरीव लाकडातून काढावी लागेल. पटाशीने कोरली तर कला आणि करवतीने कापली तर कारखाना, असे ते मिस्त्रीही म्हणाले नाहीत. त्यांनी खण चार वेळा आतबाहेर केला, मागची चीर बोटाने शोधली, सापडली नाही, आणि डबी खाली ठेवून, ‘पोरीचा हात चांगला आहे’ एवढेच म्हणाले. संपूर्ण प्रदर्शनात डबी हातात घेऊन पाहणारे ते एकटेच.

धोक्याची गोष्टही निघाली होती. यंत्र धोक्याचे आहे, यात शंका नाही. पट्टी लाकडाला मेजावर दाबून धरते, मागे फेकत नाही, म्हणून गोल करवतीपेक्षा ती बरी. पण बोट आणि लाकूड यांतला भेद तिला कळत नाही. आणि बोटापेक्षाही फुप्फुसांची काळजी अधिक. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगास कारण होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच दिला आहे. तोंडाला साधा रुमाल बांधून भागत नाही; योग्य मुखपट्टी आणि भुसा ओढून घेणारी यंत्रणा हवी. मंडळाला मुलीच्या जिवाची काळजी असेल तर त्याने त्या यंत्रणेसाठी पारितोषिकाची रक्कम वाढवावी. काळजीपोटी डब्या मेतकुटाशेजारी ठेवणे हा कोणता उपचार?

आता त्या लाकडाविषयी, कारण आम्हांला सर्वांत जास्त झोंबले ते हे.

डब्यांचे लाकूड जुने सागवान होते. रावपुरा, दांडिया बाजार या आपल्या जुन्या वस्त्यांत गेली कित्येक वर्षे वाडे पडत आहेत आणि त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहत आहेत. भाऊ तांबेकरांचा वाडा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे म्हणून भिंतीवरच्या चित्रांसह उभा तरी आहे. बाकीच्यांचे खांब, तुळया, कोरीव दारांच्या चौकटी यांचे काय झाले? वाटण्या झाल्या, सह्या झाल्या, आणि जुन्या लाकडाचा व्यापारी ट्रक घेऊन आला. ज्या तुळईखाली चार पिढ्यांच्या मुंजी आणि मंगळागौरी झाल्या, तिचा भाव करताना आपण ती कोणत्या जंगलातली हेही विचारले नाही. कोणी जुन्या लाकडावर नवे फर्निचर केले, कोणी तेही केले नाही. बरेचसे बाहेरगावी गेले.

त्या मुलीने आपल्या सातही डब्यांसाठी अशाच व्यापाऱ्याकडून पडलेल्या वाड्यांच्या तुळया घेतल्या. जुन्या सागवानावर काम करणे ही हौसेची गोष्ट नव्हे. त्यात जागोजाग जुने खिळे मोडून राहिलेले असतात. एक जरी लागला तरी पट्टीचे दात गेले. म्हणून प्रत्येक तुकडा आधी चुंबकाने चाचपावा लागतो. सागाच्या अंगात वाळूसारखी सिलिका असते, ती धार झपाट्याने खाते. तेलही असते, त्यामुळे सरस नीट धरत नाही. चिकटविण्यापूर्वी पृष्ठभाग अॅसिटोनने पुसून घ्यावा लागतो. हे सर्व तिने शिकून घेतले. एका डबीच्या पाठीवर तिने जुन्या खिळ्याचे काळे छिद्र मुद्दाम तसेच ठेवले होते, आणि पत्रिकेवर तुळई कोणत्या पेठेतली तेही लिहिले होते. आपण वजनावर विकलेल्या घराचा मूठभर तुकडा तिने आपल्यासमोर परत आणून ठेवला, आणि आपण तिला विचारले की करवतीची वायर कुठे लावली होती.

आमच्या मते या सगळ्याचे मूळ नियमावलीत नाही. दरबारच्या चाकरीसाठी, वकिलीसाठी, शाळाखात्यासाठी आपली घराणी येथे आली. लेखणी आपली आणि हत्यार दुसऱ्याचे, अशी वाटणी कोणी न सांगता झाली. कारागिराचे कौतुक आपण भाषणांत भरभरून केले. मात्र तो कारागीर आपल्या घरातला नसावा, ही अट कायम ठेवली. त्यामुळे हस्तकला म्हणजे फावल्या वेळी, स्वच्छ हातांनी, बैठकीत बसून करण्याची गोष्ट अशी आपली समजूत झाली. जिथे भुसा उडतो, आवाज होतो, बोटाला चीर पडते, ते काम; आणि काम ही कला कशी असेल? यंत्राचा आक्षेप हे निमित्त आहे. डबी हाताच्या करवतीने कापून तीच मुलगी घामाघूम होऊन प्रदर्शनात आली असती तर दुसरा एखादा नियम जागा झाला असता.

येत्या प्रदर्शनाची नियमावली श्रावणात छापायला जाते. आमची मागणी छोटी आहे. ती ओळ काढून तिच्या जागी दोन प्रश्न घालावेत. वस्तूचा आकार प्रवेशिका भरणाऱ्याने स्वतः घडविला आहे काय, आणि तो कोणत्या साधनांनी घडविला. तयार वस्तूवर रंगकाम केले असेल तर ती रंगकामाच्या विभागात जावी, तेथे तिचा मान तिला मिळावा. परीक्षकांत बोलायला चार माणसे आहेतच, एक मिस्त्री बसवावा. त्यांचे नाव आणि पत्ता आम्ही कार्यकारिणीला देऊ. खण ओढून पाहिल्याशिवाय डबीला गुण देऊ नयेत.

आणि ज्यांचा वाडा या वर्षी उतरायचा आहे त्यांना एक विनंती. व्यापाऱ्याला बोलाविण्यापूर्वी हातभर लांबीचे दोन-तीन तुकडे बाजूला काढून आम्हांला निरोप द्यावा. आम्ही ते तिच्याकडे पोचवू. कोरीवकाम नसलेली साधी तुळईही चालते. खिळे काढून देण्याची गरज नाही, ते ती स्वतः काढते.